केळीच्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं? वेबसाइटचे रंग निवडायची आणि बदलायची साधनं

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

रावेर भागातल्या एका केळी व्यापाऱ्याची वेबसाइट आहे, वर्डप्रेसवर. पानं चारच: मुखपृष्ठ, रोजचा भाव, गाड्यांची माहिती, संपर्क. लोगो पिवळा-हिरवा. मालकांची मागणी अशी की साइट पिवळीधमक दिसली पाहिजे आणि बटणावरची अक्षरं पांढरी पाहिजेत. बघणारे बहुतेक शेतकरी, मोबाइलवर, भर उन्हात बांधावर उभे राहून.

डोळ्यांनी बघत बघत रंगसंगती ठरवता येईल असं साधन कोणतं? आणि चालू साइटवर, कोडच्या फाइलीत हात न घालता, रंग बदलून बघायचे तर कसे? तिसरी अडचण ती पांढऱ्या अक्षरांची. मालकांना नाही म्हणायचं तर काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

---

पिक्सेलभाऊ

कूलर्स (रंगसंगती सुचवणारी साइट) उघडा, स्पेसबार दाबत राहा. आवडलेल्या रंगाला कुलूप लावा, बाकीचे बदलत राहतील. चहा थंड व्हायच्या आत काम होतं.

---

भरीतपार्टी

@पिक्सेलभाऊ, कूलर्स वाईट नाही, पण तिथे पाच पट्ट्या एकाच रुंदीच्या शेजारी शेजारी उभ्या असतात. साइटवर रंग असे समान वाटणीने कधी येतात? पार्श्वभूमी पानाचा बहुतेक भाग खाते, मजकूर उरलेला, आणि ज्या पिवळ्यावर सगळी चर्चा चालली आहे तो बटणापुरता. पट्टीत देखणा दिसणारा रंग पूर्ण पानभर पसरला की डोळ्यांत खुपतो. आणि बारीक अक्षराला लावला तर गायबच होतो.

त्यापेक्षा रिअलटाइम कलर्स बघा. तिथे एक नमुना पान उघडं असतं आणि खालच्या पट्टीत पाच रंग: मजकूर, पार्श्वभूमी, मुख्य, दुय्यम आणि उठावाचा. कोणताही बदला, त्याच क्षणी पानभर बदलतो. उजेडाची आणि अंधाराची (लाइट आणि डार्क मोड) अशी दोन्ही रूपं बघता येतात, शेवटी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) उतरवून घेता येतं. रंगाला 'काम' देऊन बघायची सवय लागते, हा खरा फायदा.

एक खोट आहे. नमुना मजकूर इंग्रजी असतो. आपल्या अक्षरांना शिरोरेघ, वर मात्रा, खाली उकार. त्याच रंगात तीच ओळ मराठीत जास्त भरगच्च दिसते. म्हणून तिथे फक्त अंदाज घ्यायचा, पक्कं आपल्या पानावरच करायचं.

---

काकू_भुसावळ

साधनाच्या आधी एक गोष्ट. लोगोचा पिवळा घेतला कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जेपीजीवरून ड्रॉपर (रंग उचलायचं साधन) लावून घेतला असेल तर तो लोगोचा रंग नाही. जेपीजी दाबताना रंगाचा तपशील आधी मारला जातो. एकाच पिवळ्या ठिपक्याच्या कडेला आणि मधोमध वेगळे आकडे येतात. पाच ठिकाणी ड्रॉपर लावून बघ, पाच आकडे मिळतील.

फ्लेक्सवाल्याकडे कोरल ड्रॉची मूळ फाइल असते, ती मागून घे. त्यातही बघ, रंग छपाईच्या भाषेत आहे का. छपाईतला निव्वळ पिवळा म्हणजे पिवळी शाई १०० आणि बाकी तिन्ही ०. तो पडद्यावर, म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा ० ते २५५ च्या तीन आकड्यांत (आरजीबी), आणताना एका प्रोफाइलने (रंग बदलायच्या तक्त्याने) २५५, २४२, ० होतो, साध्या हिशेबाने २५५, २५५, ०. दोन्ही पिवळेच, पण दुसऱ्याला हिरवट लिंबाची झाक असते. एक आकडा ठरव, लिहून ठेव, आणि पुढे सगळीकडे तोच.

---

रंगारी_धुळे

चक्राबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. अ‍ॅडोब कलर (जुनं नाव कूलर, वरच्या कूलर्सपेक्षा वेगळं, २००६ पासून आहे) आणि पॅलेटन, दोन्हीत रंगचक्र फिरवून संगती मिळते: शेजारचे रंग, समोरासमोरचे, त्रिकोणी, एकाच रंगाच्या छटा. अ‍ॅडोबमध्ये फोटो टाकून त्यातून पाच रंग काढायचीही सोय आहे. केळीच्या बागेचा फोटो टाकला तर पानांचे हिरवे सुरेख निघतात. फोटो ढगाळ दिवसाचा किंवा सकाळचा असावा. दुपारच्या उन्हातल्या फोटोत पानांवरची चमक पांढुरकी येते आणि साधन तीच उचलतं.

चक्राबाबत एक मेख आहे. पॅलेटनचं चक्र चित्रकाराचं आहे, लाल-पिवळा-निळा असं. तिथे पिवळ्याच्या समोर जांभळा येतो. पडद्याच्या एचएसएल (रंगाचा कोन, भरणा आणि उजेड) चक्रात पिवळा ६० अंशांवर, म्हणजे समोर २४० अंश, म्हणजे निळा. 'विरुद्ध रंग' हा नियम एकच, पण दोन साधनं दोन उत्तरं देतात. चूक कोणाचीच नाही, चक्रं वेगळी आहेत. मात्र अर्धी संगती एकातून आणि अर्धी दुसऱ्यातून घेऊ नका.

---

पिक्सेलभाऊ

पिवळा आणि जांभळा! केळी आणि भरताचं वांगं! झाली की खान्देशी संगती.

---

भरीतपार्टी

माझ्या नावाला जागून आक्षेप नोंदवतो. भरताचं आपलं वांगं हिरवट असतं, वर पांढऱ्या रेषा. जांभळं वांगं भाजून त्याला खान्देशी भरीत म्हणणाऱ्यांशी बोलणं नाही.

---

कापूसकोंडा

म्हणजे केळी-वांगं संगती शेवटी पिवळा-हिरवाच. लोगो बरोबर आहे मालकांचा :)

---

नेमका_आकडा

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण पहिल्या दोघांचं उत्तर त्यावर ठरतं.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजायचं सूत्र ठरलेलं आहे. डब्ल्यूसीएजी नावाच्या, साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीत ते २००८ पासून आहे. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ पाहिजे. मोठ्या मजकुराला, म्हणजे २४ पिक्सेल आणि वर, किंवा ठळक असेल तर साधारण १८.७ पिक्सेल आणि वर, ३ : १ चालतं. कडक पातळीला साध्या मजकुरासाठी ७ : १.

आता पिवळा. सूत्रात प्रत्येक घटकाचं वजन वेगळं असतं: लाल ०.२१२६, हिरवा ०.७१५२, निळा ०.०७२२. पडद्यावरचा पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे ९३ टक्के उजेड तिथेच आला. पांढरा १०० टक्के. मग पांढरं अक्षर दिसणार कशाच्या जोरावर?

निव्वळ पिवळा (२५५, २५५, ०) आणि पांढरा: १.०७ : १
केळीचा जरा पिकलेला पिवळा (२५५, २००, ०) आणि पांढरा: १.५५ : १
नारिंगी (२५५, १६५, ०) आणि पांढरा: १.९७ : १
निव्वळ लाल आणि पांढरा: ४.० : १
निव्वळ निळा आणि पांढरा: ८.६ : १

त्याच पिकल्या पिवळ्यावर गडद हिरवं अक्षर (२०, ८०, ४०) टाकलं तर ६.१ : १. पास.

आणि संपर्काच्या पानावर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण असणार. तो हिरवा ३७, २११, १०२. त्यावर पांढरं अक्षर फक्त १.९८ : १. बहुतेक साइटींवर हीच चूक असते. तिथेही वरचंच गडद हिरवं अक्षर वापरा, ४.८ येतात.

राखाडीची काठावरची जोडी पाठ करून ठेवा: पांढऱ्यावर #७६७६७६ पास (४.५४), #७७७७७७ नापास (४.४८). डोळ्यांना फरक कळत नाही, मोजणाऱ्याला कळतो. (# लावलेला आकडा म्हणजे तेच तीन घटक हेक्स या दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले. इथे आकडे मराठीत लिहिलेत. सीएसएसमध्ये इंग्रजीच लागतात.)

---

पिक्सेलभाऊ

मग व्हॉट्सअ‍ॅपच्या चिन्हात पांढरा फोन हिरव्यावर आहे, तो कसा चालतो?

---

नेमका_आकडा

बोधचिन्हाला ही अट लागू नाही. 'व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारा' ही ओळ मात्र बोधचिन्ह नाही, तो मजकूर आहे.

---

तापीकाठ

आकडे एकदम कामाचे. मालक म्हणतील, अक्षराला काळी सावली द्या, पांढरंच ठेवा. चालेल का?

---

काकू_भुसावळ

सावलीने इंग्रजी मोठी अक्षरं तगतात. आपल्याकडे 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' यांची पोटं आधीच लहान. सावली त्या पोटात शिरते आणि अक्षराचा गोळा होतो. १६ पिक्सेलला 'केळी' लिहून सावली दे आणि हातभर लांबून बघ. 'के' वाचता येईल, 'ळी'चा डाग दिसेल.

आणखी एक. फॉन्टचं वजन (रेषेची जाडी) ३०० घेऊ नकोस. बारीक रेषेच्या कडा पडद्यावर पार्श्वभूमीत मिसळून रंगवल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्ष दिसणारा रंग तू दिलेल्यापेक्षा फिकट असतो. गणितात ४.५ आले तरी डोळ्यांना ३ वाटतात. अनुस्वार पहिला जातो, मग मात्रा. ४०० किंवा ५०० ठेव, आकार १७-१८ पिक्सेल.

---

गिरणेचा_पूर

दुसऱ्या प्रश्नावर. फाइलीत हात न घालता चालू साइटवर रंग बदलून बघायचं सगळ्यात चांगलं साधन तुमच्या ब्राउझरमध्येच बसलेलं आहे.

क्रोममध्ये बटणावर उजवी टिचकी, इन्स्पेक्ट. उजवीकडे स्टाइल्समध्ये रंगाच्या आधी एक छोटा चौकोन दिसतो. त्यावर टिचकी मारली की रंगपेटी उघडते. ओढत जा, पान जागेवर बदलतं. शिफ्ट धरून चौकोनावर टिचकी मारली की तोच रंग हेक्स, आरजीबी, एचएसएल अशा वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून मिळतो.

अक्षराच्या रंगाची पेटी उघडली असेल तर खाली फरकाचा आकडा येतो. तो उलगडला की रंगाच्या चौकोनावर दोन वक्र रेषा उमटतात, एक ४.५ ची, एक ७ ची. ठिपका रेषेच्या पलीकडे न्यायचा, बस. आकडेमोड नको. पार्श्वभूमीच्या रंगाची पेटी उघडून 'आकडा कुठे गेला' म्हणून शोधत बसू नका, तो अक्षराच्याच पेटीत असतो. मागे फोटो किंवा उतरता रंग असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तिथे फोटोचा सगळ्यात उजळ भाग ड्रॉपरने उचलून त्याच्याशी वेगळं मोजायचं.

नेहमी फसगत होते ती इथे: पान ताजं केलं की सगळं पुसलं जातं. दोन तास रंग लावायचे आणि एका रिफ्रेशमध्ये गमवायचे. म्हणून मोअर टूल्समध्ये 'चेंजेस' उघडून केलेले बदल उचलून घ्या, किंवा सोर्सेसमध्ये 'ओव्हरराइड्स' चालू करून एक फोल्डर द्या. मग बदल तुमच्या संगणकापुरते टिकतात, गिऱ्हाइकाच्या साइटला धक्का लागत नाही.

सुरुवात करायच्या आधी त्याच यादीतून सीएसएस ओव्हरव्ह्यू चालवा. पानावर आत्ता कोणकोणते रंग वापरात आहेत त्याची चौकोनांची यादी येते आणि कुठल्या जोड्या फरकात नापास आहेत तेही. जुन्या साइटवर एकाच राखाडीची सात-आठ भावंडं निघतात. ती आधी एक करा. नवीन रंग आणायचा विचार त्यानंतर.

---

कापूसकोंडा

+१. वाचनखूण साठवली. 'दोन तास रंग लावायचे आणि एका रिफ्रेशमध्ये गमवायचे' हे धुळवडीचं वर्णन वाटतंय.

---

सर्व्हर_बसला

वर्डप्रेसचं सांगतो, कारण शेवटी रंग तिथेच टाकायचे आहेत.

थीम (साइटचा तयार साचा) जुन्या पद्धतीची असेल तर अ‍ॅपिअरन्स, कस्टमाइझ, कलर्स. तिथे डावीकडे रंग आणि उजवीकडे चालती साइट दिसते. थीमने जे रंग उघडे ठेवलेत तेवढेच बदलतात. बाकीच्यांसाठी तिथेच खाली 'अ‍ॅडिशनल सीएसएस' आहे. प्रकाशित करेपर्यंत बाहेर कोणाला काही दिसत नाही.

थीम ब्लॉकची असेल तर अ‍ॅपिअरन्स, एडिटर, स्टाइल्स, कलर्स. तिथे पॅलेट बदललं की ते जिथे जिथे वापरलंय तिथे एकदम बदलतं.

बदलतं ते कशामुळे, हे लक्षात घ्या. पॅलेटमधल्या प्रत्येक रंगाला आतून एक नाव असतं आणि मजकुरात रंग त्या नावाने जोडला जातो, आकड्याने नाही. त्यामुळे जुन्या नावाखाली नवा आकडा टाकला तर सगळी पानं आपोआप बदलतात. जुना रंग काढून नवा जोडला, किंवा थीम बदलली, तर नाव तुटतं आणि जुनी पानं बेरंग होतात. उलट, पान लिहिताना कोणी 'कस्टम' मधून थेट आकडा टाकला असेल तर तो पॅलेट बदलूनही हलणार नाही. प्रत्येक पानात जाऊन शोधावा लागेल.

आणि बदल केला तरी दिसत नाही असं झालं तर रंगाला दोष देऊ नका. कॅशचं (पानाची जुनी प्रत साठवून दाखवणारं) प्लगइन असेल तर ते रिकामं करा, मग खासगी खिडकीत उघडून बघा.

---

छटाबाज

या धाग्यावर अजून एचएसएल धरूनच बोलणं चाललंय म्हणून पडतो.

एचएसएलमध्ये पिवळा आणि निळा दोन्हींचा उजेड ५० टक्के लिहिलेला असतो. वर आकडे दिलेलेच आहेत: पांढऱ्याशी एक १.०७, दुसरा ८.६. मग त्या ५० ला अर्थ काय उरला? छटा तयार करताना 'सगळ्यांचा उजेड ९० करू' म्हटलं की एक छटा चमकते, दुसरी मळकट दिसते.

ओकेएलसीएच वापरा. उजेड, रंगाचा भरणा आणि कोन असे तीन आकडे, पण उजेड डोळ्यांना वाटतो त्याच्या जवळचा. तिथे तोच निव्वळ पिवळा ९७ टक्के आणि निळा ४५ टक्के. हे मापन २०२० मध्ये आलं, २०२३ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत चालतं. याच नावाची निवडपेटी जालावर आहे, तीन सरकपट्ट्या आणि तीन आलेख. आलेखात जिथे रंग संपून रिकामी जागा दिसते तिथला रंग साध्या पडद्यावर येतच नाही. तिथे ठिपका नेला तर महागड्या फोनवर एक रंग आणि स्वस्त फोनवर दुसराच दिसतो.

पिवळ्याच्या छटा करताना खास काळजी. फक्त उजेड कमी करत गेलात तर पिवळा मातकट होतो, पुढे शेणाचा. गडद करताना कोनही नारिंगीकडे न्यावा लागतो, साधारण ९५ पासून ७० पर्यंत हळूहळू. मग तो पिकल्या केळीवरच्या तपकिरीसारखा दिसतो.

---

रंगारी_धुळे

@छटाबाज, माहिती उत्तम, पण चार पानांच्या साइटला एवढं म्हणजे डास मारायला तोफ. पाच रंग लागतात, त्यांची सात-आठ जोडकामं. ती हाताने मोजून होतात. शिवाय जुने अँड्रॉइड फोन, ज्यांत ब्राउझर वर्षानुवर्षं अद्ययावत होत नाही, ते ओकेएलसीएचची ओळ सरळ वगळतील.

---

छटाबाज

वगळतील म्हणूनच आधी आरजीबीची ओळ आणि तिच्याखाली ओकेएलसीएचची ओळ लिहायची. न कळणारा ब्राउझर वरची धरतो. पण चल (व्हेरिएबल, म्हणजे आकड्याला दिलेलं नाव) वापरले तर ही युक्ती चालत नाही, कारण चलात काहीही चालतं आणि चूक वापरताना उघडी पडते. तेव्हा 'सपोर्ट्स' ची (ब्राउझरला कळत असेल तरच लागू, अशी) अट घालून आत वेगळे आकडे द्यावे लागतात. तोफेबद्दल: निवड ओकेएलसीएचमध्ये करा आणि साइटवर आरजीबी टाका, कोणी अडवलंय?

---

रंगारी_धुळे

हे मान्य. निवड तिथे, वापर इथे.

---

नंदुरबारी_मिरची

कसाले इतला रंग भो? दोनच बेस शेतस.

---

गिरणेचा_पूर

@मिरची, खरं बोललात, दोनही पुरतात. चलांचा विषय निघालाच आहे तर, नाव रंगावरून देऊ नका, कामावरून द्या. '--पिवळा' असं नाव ठेवलं आणि उद्या मालकांनी नारिंगी मागितला तर फाइलभर 'पिवळा' म्हणजे नारिंगी. '--बटण-पार्श्व', '--मजकूर', '--भाव-उतार' अशी ठेवा. देवनागरी नावं सीएसएसमध्ये खरोखर चालतात, फाइल यूटीएफ-८ (देवनागरी साठवणारी लिपी-संकेत पद्धत) मध्ये असली म्हणजे झालं.

---

कापूसकोंडा

काय सांगता! '--मन्हा-रंग' चालेल?

---

छटाबाज

चालेल. फक्त 'ऱ' असलेली नावं टाळा. 'ऱ' दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. दिसायला सारखे, ब्राउझरसाठी वेगळे. सीएसएस ती एक करत नाही. एका कळफलकावर '--दुसऱ्या-ओळीचा-रंग' लिहून दुसऱ्यावर वापरलं तर रंग लागणार नाही आणि डोळ्यांना चूक दिसणारही नाही.

---

काकू_भुसावळ

नावाच्या नादात भावाचं पान राहिलं. तिथे भाव चढला की हिरवा, उतरला की लाल, असंच करणार ना? लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं प्रत्येक गावात असतात, पुरुषांत जास्त, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. त्यांना दोन्ही आकडे एकाच मातकट रंगाचे दिसतात. रंगासोबत ▲ ▼ खूण दे, आणि 'वाढ', 'घट' हे शब्दही.

बघायचं असेल तर क्रोमच्या त्याच यादीत 'रेंडरिंग' आहे. तिथे दृष्टिदोषांची नक्कल लावता येते, धूसर नजरेचीसुद्धा. शेवटची 'अ‍ॅक्रोमॅटोप्सिया' लावली की पान कृष्णधवल होतं. त्यात पान वाचता आलं तर बहुतेक बाकी ठीकच.

---

नेमका_आकडा

काकूंना दुजोरा. गडद लाल (१७६, ०, ३२) आणि वरचा गडद हिरवा, दोन्ही फिक्या पार्श्वभूमीवर उत्तम वाचता येतात. पण एकमेकांशी मोजले तर फरक १.३ : १. रंग ओळखता येत नसेल तर हे दोन्ही एकच.

---

सर्व्हर_बसला

मालकांना दाखवताना स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. दाबला जातो आणि लाल अक्षरांच्या कडा चरबटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर थेट दुवा द्या. आधी त्यांच्या फोनवर 'व्हिव्हिड' (रंग भडक दाखवणारी सोय) आणि रात्रीचा पिवळा पडदा बंद आहे का बघा. तो पडदा चालू असला तर पांढरंही पिवळंच दिसतं आणि मालक खूश होतात, चुकीच्या कारणाने.

---

तापीकाठ

सगळ्यांना दंडवत. आता अडतंय एकाच ठिकाणी: 'केळीची साइट पिवळी नाही तर कसली?' या प्रश्नाला उत्तर काय?

---

काकू_भुसावळ

अरे, त्यांचा माल कुठे पिवळा आहे? रावेरहून ट्रकमध्ये घड चढतो तो हिरवा. पिवळा होतो तो पुढे, माल पोचला तिथल्या पिकवणीच्या खोलीत. पिवळा घड गाडीत भरला तर उत्तरेत पोचेपर्यंत काळा पडेल. भाव ठरतो तोही हिरव्या मालाचा. त्यांचा मुख्य रंग हिरवाच, पिवळा हा गिऱ्हाइकाच्या टोपलीतला.

---

पिक्सेलभाऊ

काकू, हे मालकांना सांगायला तुम्हीच चला.

---

भरीतपार्टी

यावर वाद संपला :) रिअलटाइम कलर्समध्ये मुख्य रंगाच्या जागी हिरवा आणि उठावाच्या जागी पिवळा टाकून बघ. पिवळा पानावर दोन-तीन ठिकाणीच राहिला की तो जास्त पिवळा वाटतो. पानभर पसरला की दोन मिनिटांत डोळा त्याला सरावतो आणि बटण कुठे आहे तेच दिसत नाही.

---

तापीकाठ

हे असं जमवलं आहे, तपासून द्या:

पार्श्वभूमी २५५, २५०, २३५
मजकूर #२१२१२१
शीर्षपट्टी आणि मथळे २०, ८०, ४०
बटण २५५, २००, ०, त्यावर अक्षर २०, ८०, ४०
भाव उतार १७६, ०, ३२, सोबत ▼

---

नेमका_आकडा

मजकूर १५.४. हिरवे मथळे ९.१. शीर्षपट्टीवर पांढरी अक्षरं ९.५, म्हणजे मालकांची पांढरी अक्षरं शेवटी मिळाली, जागा बदलली इतकंच. बटणावरचं अक्षर ६.१, उताराचा लाल ७.०. सगळे पास.

एक ठिकाण कच्चं आहे. पिवळं बटण फिक्या पार्श्वभूमीवर १.४९ च आहे. अक्षर वाचता येतं म्हणून नियमात अडत नाही, पण उन्हात बटणाची कड दिसणार नाही आणि नुसता हिरवा मजकूर तरंगतोय असं वाटेल. बटणाला २ पिक्सेलची गडद हिरवी कड द्या.

---

गिरणेचा_पूर

आणि कळफलकाने बटणावर गेल्यावर जी चौकट येते ती काढून टाकू नका. पिवळ्या बटणाला तीही गडद हिरवी, कडेपासून २ पिक्सेल बाहेर. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये वरची पत्त्याची पट्टी 'थीम-कलर' या मेटा टॅगने रंगते. तिथेही तोच हिरवा टाका, नाहीतर हिरव्या शीर्षपट्टीच्या वर पांढरी फित लोंबकळत राहते.

---

रंगारी_धुळे

अंधाराच्या रूपाचं काय? बऱ्याच फोनवर रात्री आपोआप लागतं.

---

छटाबाज

तिथे नुसती उलटापालट नको. पार्श्वभूमी निव्वळ काळी न घेता #१२१२१२ घ्या, मजकूर किंचित मळका पांढरा. पिवळ्याचा भरणा थोडा उतरवा, काळ्यावर तो टॉर्चसारखा लागतो. गडद हिरवे मथळे तिथे बुडतील, त्यांना हिरव्याची फिकी छटा द्या. वेळ नसेल तर सीएसएसमध्ये साइट फक्त उजेडाची आहे असं जाहीर करून मोकळे व्हा. अर्धवट अंधार वाईट.

---

तापीकाठ

सध्या फक्त उजेडाचं. कड दिली, चौकट दिली. उद्या दुपारी बारा वाजता रावेरला, उजेड पूर्ण वाढवून आणि मग निम्मा करून, दोन्ही बटणं शेजारी शेजारी: एक पिवळ्यावर पांढरं, एक पिवळ्यावर हिरवं. फोन मालकांच्याच हातात.

---

नंदुरबारी_मिरची

टोपी घाल भो.